तानसा, भातसा, सिद्धगड आणि मागे एक स्कूटर

माघातल्या एका शुक्रवारी पहाटे आम्ही मुलुंडहून निघालो, तेव्हा स्कूटरवर दोन माणसं, एक सॅक, दीड डझन केळी आणि एक अट होती. केळी माझी, अट श्रीकांतची. श्रीकांत म्हणजे माझा नवरा.

मी छप्पन्न वर्षांची आहे आणि बरीच वर्षं पळते. गेल्या वैशाखात रस्त्यावर चक्कर येऊन पडले. डॉक्टर म्हणाले, "उन्हात पळू नका, पाणी पीत जा." श्रीकांतने त्याचा अर्थ "एकटीने पळू नका" असा लावला. तेव्हापासून मी पुढे पळते आणि दहा पावलांवर तो स्कूटर फुर्र फुर्र करत मागे येतो. गाडी मलाही येते, माझं लायसन्स त्याच्या आधीचं आहे. पण त्या दिवसापासून किल्ली त्याच्या खिशात गेली ती गेलीच.

आमच्या पळणाऱ्या मैत्रिणींना मुलुंडच्या डांबराचा वीट आला होता. त्यांच्यासाठी शहापूर-मुरबाडकडचे तीन रस्ते तीन दिवसांत पळून पाहायचे असं मी ठरवलं आणि श्रीकांतने अट घातली. पळणं सुरू झाल्यावर ठरलेलं अंतर संपेपर्यंत मी एकदा जरी स्कूटरच्या मागच्या सीटवर बसले, तर माझं एकटीचं पळणं कायमचं बंद, शिवाय रोज सकाळी सहाला त्याच्याबरोबर हास्यक्लबात हजेरी. नाही बसले, तर तो पुन्हा कधी माझ्या मागे येणार नाही. हास्यक्लबाला माझा विरोध नाही. पण शिटी वाजली की हसायचं, हे काही मला जमणार नाही.

पहिला दिवस तानसाचा. आटगावच्या बाजूने आत वळलं की रस्ता जंगलातून जातो. सागाची ताटाएवढी पानं गळून रस्त्यावर पडलेली होती आणि पायाखाली पापडासारखी मोडत होती. मधूनच एखादा पळस असा फुललेला, की बाकीची झाडं त्याच्यापुढे घरच्या कपड्यांत आल्यासारखी वाटावीत. पाखरंही असणार. मला मात्र ऐकू येत होती ती फक्त स्कूटर.

धरणाजवळच्या चौकीवर पहारेकऱ्याने हात वर केला.

"काय हरवला काय मॅडम?"

"नाही हो, पळतेय."

"मंग ते मागचे काय शोधतात?"

"मला," असं म्हणून मी पुढे सटकले. श्रीकांतला मात्र पाच मिनिटं थांबून नाव-गाव लिहून द्यावं लागलं. त्या पाच मिनिटांत मी इंग्रजांच्या काळातली ती काळी दगडी भिंत आणि पलीकडच्या डोंगरापर्यंत पसरलेलं पाणी एकटीने पाहून घेतलं. हेच पाणी जाडजूड नळांतून आमच्याकडे येतं आणि तीस वर्षं मी त्याने भांडी घासते आहे. इथे त्याचा थाट पाहून मला जरा ओशाळल्यासारखं झालं.

दुपारी शहापूरच्या एका खाणावळीत तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुकट मिळालं. वाढणाऱ्या बाईंनी श्रीकांतला विचारलं, "तुमीपन पलता काय?" तो म्हणाला, "नाही, मी गाडीवर असतो." त्यांनी त्याच्या ताटातली तिसरी भाकरी उचलून माझ्या ताटात ठेवली.

दुसऱ्या दिवशी भातसानगर. वसाहतीपासून धरणाकडे जाणारा चढ-उताराचा रस्ता, एका बाजूला पाणी आणि लांबवर माहुलीचे सुळके. मैत्रिणींनो, हा रस्ता नक्की करा, पण एसटीची वेळ टाळून. मी चढावर धापा टाकत होते, तेवढ्यात मागून आलेली एसटी मला ओलांडून पुढे गेली आणि थांबली. कंडक्टर दारातून ओरडला, "चला मावशी, लवकर!"

"मी अशीच पळतेय हो! तुम्ही जा!"

"अशीच म्हंजे?"

खिडक्यांतून डोकी बाहेर आली. कुणी म्हणालं, "पोलीस भरतीची तयारी आसल." दुसरं म्हणालं, "या वयात?" इकडे पळणारा माणूस म्हणजे एक तर भरतीचा नाहीतर गाडी चुकलेला. मी दोन्हींत बसत नव्हते. मी पळतच राहिले तशी एसटीही हळूहळू माझ्यापुढे चालू लागली, कारण बाई आता दमेल आणि चढेल याची सगळ्यांना खात्री होती. पुढे एसटी, मध्ये मी, मागे स्कूटर अशी ती मिरवणूक पुढच्या थांब्यापर्यंत गेली. शेवटी कंडक्टरने श्रीकांतला विचारलं, "तुमाला तरी बसायचाय काय?"

हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. मागून लगेच आवाज आला, "दुखतंय? बस मागे!" मी बसले नाही. पण खरं सांगते, त्या हाकेने माझं हसू गेलं. मला त्या माणसाचा राग नव्हता. माझ्या प्रत्येक श्वासाचा हिशोब कुणीतरी ठेवतंय, याचा राग होता.

तिसरा दिवस मुरबाडकडचा. एका नाक्यापासून सिद्धगडाच्या पायथ्याच्या हुतात्मा स्मारकापर्यंत जाऊन परत त्याच नाक्यावर यायचं, एकूण चौदा किलोमीटर. भात कधीच कापून झालेलं. खळ्यांवर पेंढ्याच्या उडव्या (रचलेल्या गंजी), जमिनीत उरलेल्या ओलीवर वालाचे हिरवे पट्टे आणि समोर सिद्धगड. स्वातंत्र्यलढ्यातली माणसं त्या जंगलात लपून राहिली होती, हे शाळेत वाचलं होतं. त्या झाडीकडे पाहून पटलं. इथे मागावरच्यांना चकवता येईल, असा एक स्वार्थी विचारही माझ्या मनात आला.

साधारण चार किलोमीटरवर रस्त्याला लागून एक वाडी आली. दहा-बारा घरं, कुडाच्या (कारवीच्या काठ्या सारवून केलेल्या) भिंती. कामाची माणसं वीटभट्ट्यांवर गेलेली, म्हणून वाडीत उरल्या होत्या म्हाताऱ्या आणि कोंबड्या. एक आजी रस्त्याकडेला मोळी बांधत होती. मी दिसताच ती उभी राहिली. श्रीकांत वळणामागे होता, स्कूटर नुसती ऐकू येत होती.

"कोन मागं लागला काय गो?"

"नवरा!" मी पळता पळता म्हणाले. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण दोन दिवसांचं सगळं ओठांवर आलं. "आजी, त्याला जरा थांबवून ठेवा!"

माझ्या डोक्यात होतं की त्याला कोरा चहा पाजतील, दोन गोष्टी विचारतील. मागे वळून पाहिलं तर आजीने मोळी रस्त्यावर आडवी टाकली होती.

पुढचे तीन किलोमीटर मी जन्मात पळाले नसेन अशी पळाले. मागे आवाज नाही. भारद्वाजाचा घुमणारा आवाज ऐकला, कुठल्यातरी ओढ्याचा ऐकला आणि कितीतरी महिन्यांनी माझा स्वतःचा श्वास ऐकला. स्मारकापाशी हात जोडले आणि कठड्यावर बसून खिशात घेतलेलं एक केळं खाल्लं. इतकं गोड केळं मी खाल्लेलं नाही.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. स्कूटर येईना. फोनला रेंज नव्हती. आता गंमत ओसरली. मोळीवाल्या आजीच्या कमरेला कोयता होता, हेही आत्ताच आठवलं. मी परत फिरले. तेही जोरात, आणि तिथेच घात झाला. वाडीच्या थोडं अलीकडे डाव्या पोटरीत असा गोळा आला की पाऊल टेकवेना. उरलेलं अंतर मी लंगडत कापलं.

स्कूटर रस्त्यात तशीच उभी होती, किल्लीशिवाय. श्रीकांत एका ओट्यावर बसला होता, हेल्मेट मांडीवर, हातात कोऱ्या चहाची पेली. समोर पाच म्हाताऱ्या. मोळीवाली मध्ये; तिचं नाव सोमीआजी, हे नंतर कळलं. इकडे नवऱ्याघरून निघालेली बाई वाडीत आली की आधी त्याला बसवून घेतात, दोघांचं ऐकतात आणि मगच कुणाला जाऊ देतात. त्याची बाजू ऐकणं चाललं होतं. मी उडवीच्या आडोशाला थांबले. चोरून ऐकणं वाईट, पण पायही उचलत नव्हता.

"मारत नाही हो मी," तो सांगत होता. "ती पडली होती. फोन तिचा आला, आणि उचलला तर आवाज परक्या माणसाचा. 'या बाई तुमच्या कोण?' म्हणाला. पुढचं काही मला ऐकूच आलं नाही. धावत गेलो तर एका पायात माझी चप्पल, एका पायात तिची. अजून फोन वाजला की उठून उभा राहतो. म्हणून मागे मागे जातो."

ती चप्पल मला आठवत होती. दवाखान्यात मी तिच्यावरून त्याला चिडवलं होतं. फोनचं त्याने मला कधीच सांगितलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि आपण फार वाईट खोडी काढली, असं अगदी मनापासून वाटलं. मी पुढे होऊन सगळी कबुली दिली.

म्हाताऱ्या एकमेकींना टाळ्या देत हसल्या. सोमीआजी मात्र हसली नाही. ती श्रीकांतला म्हणाली, "भ्या वाटतो तं पुढं जाऊन थांब रे. मागं गाडी लावली तं गायपन बुजते." मग माझ्याकडे वळली. "आनि तू गो, आमाला खोटा सांगू नको. माजी मोली मोडली."

मी तिची मोळी पुन्हा बांधायला लागले. ती इतकी वाकडी झाली की तिने ती सोडून स्वतः बांधली.

आता नाक्यापर्यंत चार किलोमीटर उरले होते आणि माझी पोटरी दगड झाली होती. श्रीकांतने पाहिलं. पण या वेळी तो "बस मागे" म्हणाला नाही. हास्यक्लबाची शिटी मला स्पष्ट ऐकू येऊ लागली. तेवढ्यात सोमीआजीने पदराची गाठ सोडली, किल्ली काढली आणि श्रीकांतच्या पुढे आलेल्या हाताला ओलांडून माझ्या हातावर ठेवली.

"धर. आता तू ने त्याला."

मी पुढे बसले. श्रीकांत केळ्यांची पिशवी मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसला. थेट मुलुंडपर्यंत त्याने मला तीनच वेळा "हळू" म्हटलं आणि टोलनाक्याच्या अलीकडे एकदा, "मागून वेगळंच दिसतं सगळं."

पुढच्या रविवारी मी तानसाचा रस्ता पुन्हा पळाले. मागे कुणी नव्हतं. पानं मोडल्याचा आवाज शेवटपर्यंत माझ्याबरोबर होता. चौकीवर तोच पहारेकरी घाईघाईने पुढे आला.

"मॅडम, धरनाजवल एक मानूस अर्धा तास एकटाच हसतोय. हात वर करून. लांबून तोंड दिसत नाय. तुमच्या वलखीचा हाय काय?"

"नवरा," मी म्हणाले. आणि या वेळी तेवढं सांगून पळाले नाही. त्याच्याजवळ जाऊन थांबले.