अस्वलाचं वय

कॉलेजात माझ्यावर सोपवलेलं पहिलं काम म्हणजे एका अस्वलाला दात घासायला लावणं. हे सांगताना आजही थोडा संकोच वाटतो, पण खरं ते खरं.

साठच्या दशकातली गोष्ट. आमच्या सरांकडे परदेशातून एक पुस्तिका आली होती. तिकडे म्हणे घरातल्या पेटीवर हलती चित्रं दिसत आणि तिच्यावर मुलांसाठी बाहुल्यांचा खेळ होई. खेळातलं अस्वलाचं पिल्लू दात घासायला कंटाळतं, आई रागावते, शेवटी ते घासतं. हाच खेळ देशोदेशी करायचा होता, म्हणून पुस्तिकेत दोन याद्या दिल्या होत्या. काय बदलावं: कपडे, खाणं, घर. काय बदलू नये: अस्वल, आई आणि दात. एका देशात अस्वलानं लोकरीची टोपी घातली होती, दुसऱ्यात ते भात खात होतं.

आपल्याकडे पेटी नव्हती, पण कळसूत्री बाहुल्या होत्या. सर म्हणाले, "तू आरोंद्याचा. दिवाळीच्या सुट्टीत गावच्या शाळेत हे बसव. मी बघायला येईन. जमलं तर पुढच्या गोष्टीही तुझ्याकडे, नाहीतर दुसऱ्या कोणाला देऊ."

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. आई शिरोड्याच्या बाजारात मासे विकायची. कॉलेजात मला कोणी काही विचारत नसे, त्यामुळे हे काम हातचं जाऊ नये असं फार वाटत होतं. ब्रशाऐवजी आंब्याचं पान घ्यायचं, एवढा बदल मी ठरवला आणि स्वतःवरच खूश झालो.

जत्रांतून बाहुल्या नाचवणारे एक म्हातारे काका बांद्याजवळ राहत. त्यांच्यासमोर पुस्तिका धरून मी सगळं शुद्ध भाषेत समजावून सांगितलं.

ते शांतपणे म्हणाले, "तू कचेरीत इलंस काय रे? माझ्यावांगडा असो बोलतंस तो?"

मी घाईनं भाषा बदलली. "काकानू, माका अस्वल होया."

त्यांनी आपल्या बाहुल्यांच्या पेटीतून अस्वल काढलं. पांढरी दाढी, कपाळाला गंध. लंकेच्या लढाईत वानरांना सल्ला देणारं अस्वल ते.

"हेची आवस खंयसून हाडू?" काकांनी आईचं विचारलं. "वय बघ हेचा. देवान हेका इचारून लढाई केल्यान. आता हेका दात घास म्हणान कोण सांगतलो? तू?"

मी त्या दाढीकडे पाहिलं. माझ्याच्यानं सांगवलं नसतं.

"नवीन पिल्लू करूक येयत?"

"येयत. लाकूड सुकासर पुढली दिवाळी येयत."

"मगे ओरडल्यार चलता असो कोण आसा?"

यावर काकांना विचार करावा लागला नाही. पेटीच्या तळातून त्यांनी लंकेचा दहा तोंडांचा राजा वर काढला. "हेका कायय सांग."

सरांना कळवायचं राहून गेलं असं म्हणणं खोटं होईल. मी तीन कार्डं लिहिली आणि तिन्ही फाडली.

ठरल्या दुपारी सर एस.टी.नं आले. शाळेच्या पडवीत मुलं बसली होती, मागे बाया उभ्या होत्या. त्यांत आईही होती, माशांची पाटी बाजूला ठेवून. आधी गणपती नाचला. तो पुस्तिकेच्या कुठल्याच यादीत नव्हता. सरांनी माझ्याकडून पुस्तिका मागून घेतली आणि उघडली. मग राजा आला, च्या मागत.

"तोंड धुवा आधी," राणी म्हणाली.

"खंयचा?"

"दहाय."

राजा आंब्याच्या पानानं एकेक तोंड घासू लागला आणि मुलं मोजू लागली. सहावं झाल्यावर तो मटकन बसला आणि उरलेलं काम उद्यावर ढकलू लागला. "दमलंय. उरलेली फाल्यां."

"फाल्यां नाय," सगळी पडवी एका आवाजात म्हणाली. राजा उठला.

तेवढ्यात मागून आई शेजारणीला सांगताना ऐकू आली, "माझ्या झिलाक एकच तोंड. पण ता घासून घेवक माझी धा वर्सां गेली."

सर वळून माझ्याकडे बघू लागले, म्हणजे माझ्या दातांकडे. मी तोंड मिटून घेतलं.

दहावं तोंड घासून झालं, राजाला च्या मिळाला, खेळ संपला. सर पुस्तिकेतल्या दुसऱ्या यादीवर बोट ठेवून जवळ आले. "यात अस्वल कुठे होतं?"

काम गेलं, असं मी मनात म्हटलं. "सर, अस्वल आहे," मी म्हणालो. "पण ते वयानं फार मोठं आहे. त्याला रागावणं बरं दिसलं नसतं. मी तुम्हाला कळवायला हवं होतं."

पेटीजवळ जाऊन सरांनी अस्वलाकडे बराच वेळ पाहिलं. मग पुस्तिका माझ्या हातात परत दिली.

"तिकडच्या लोकांना हे पत्रानं तूच कळव. मला जमणार नाही," ते म्हणाले. "पुढच्या गोष्टीत ससा आहे. काकांकडे ससा आहे का विचार, आणि असला तर आधी त्याचं वय विचार."

काका बाहुल्यांच्या दोऱ्या गुंडाळत होते. "ससो नाय," त्यांनी मान वर न करता सांगितलं. "हरण आसा. पण ता सोन्याचा. तेच्यार इश्वास ठेवची सोय नाय."

मी ते वहीत लिहून घेतलं.