खोली नंबर तीन

सिस्टर चालताना बोलायच्या आणि बसल्या की गप्प व्हायच्या. खुर्चीत बसलेल्या सिस्टरांना काही विचारलं तर एका शब्दात उत्तर मिळे, तेही मिळालं तर. पण पांढऱ्या साडीचा पदर कमरेला खोचून त्या एकदा पायवाटेला लागल्या, की गावंच्या गावं त्यांच्या तोंडून बाहेर पडत. कोणाची सून बाळंतपणाला माहेरी गेली, कोणत्या लेकराला टोचल्यावर ताप येतो, कोणत्या घरात आधी सासूशी बोलावं लागतं. मागे पडलेल्या माणसाला त्यातलं अर्धंच ऐकू येई. पन्नाशी उलटली होती, तरी त्यांच्या बरोबरीनं चालणं कुणाला जमत नसे.

मी त्यांच्याकडे फक्त एक आठवडा राहिले. दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. सरकारी दवाखान्यांच्या नोंदवह्या संगणकात भरायचं काम निघालं होतं आणि हिंगोलीत नुकताच कॉम्प्युटरचा कोर्स केलेल्या आम्हा काही मुलींना कंत्राटावर गावोगाव पाठवलं जात होतं. माझ्या वाट्याला शिरड शहापूरच्या पुढचं एक लहानसं आरोग्य केंद्र आलं. सोमवारी सकाळी एसटीतून उतरायचं आणि शनिवारी संध्याकाळी सगळी माहिती सीडीवर घेऊन परतायचं, असा हुकूम होता. राहायची सोय सिस्टरांच्या सरकारी खोलीत झाली. त्या एकट्याच असत. नवरा लग्नानंतर तिसऱ्या वर्षी वारला, मूलबाळ नाही, एवढं केंद्रातल्या शिपायानं मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

ते दिवस आठवले की आधी वास येतो. फाल्गुन होता आणि चहूकडे शिवारात हळद शिजत होती. कढयांची वाफ दुपारभर हवेत तरंगे, खिडकीतून आत येई, नोंदवहीच्या पानांना, माझ्या ओढणीला, सिस्टरांच्या केसांना लागून राही. वीज दिवसातून चार-पाच तास यायची. आली की मी घाईनं कॉम्प्युटर सुरू करी आणि सिस्टर नावं सांगू लागत. बसून सांगणं त्यांना जमेना, म्हणून नोंदवही हातावर धरून त्या खोलीभर येरझारा घालत. लेकराचं नाव, आईचं नाव, जन्म, कोणती लस दिली, कोणती राहिली. पंखा घरघरायचा, बाहेर कुठंतरी होला घुमायचा, आणि त्यांच्या एका सुरातल्या आवाजात मला कधी कधी गुंगी यायची. बोटं चालत असायची आणि डोळ्यांपुढं न पाहिलेल्या अंगणांतून न पाहिलेली पोरं पळत असायची. मग वीज जायची, पडदा काळा व्हायचा आणि खोलीत एकदम शांतता पसरायची.

त्यांच्या नोंदवहीत नावं शाईनं असत आणि बाकीचा मजकूर पेन्सिलीनं. समासात बारीक अक्षरात लिहिलेलं असे: ‘आईला कमी दिसतं’, ‘बाप वसमतकडं कारखान्यावर’, ‘आजी रागीट, पण लेकराला आणते’. मी विचारलं, "सिस्टर, हे कुठं भरू? याला कॉम्प्युटरमध्ये जागाच नाही."

त्या चालता चालता म्हणाल्या, "नको भरू. नाव तेवढं पक्कं असतंय. बाकी समदं बदलून राहिलंय, म्हनून तर पेन्सिल."

गुरुवारी मी यादी छापून त्यांच्या हातात दिली. यापुढं लसीचे दिवस याच यादीप्रमाणं ठरणार होते. त्या खुर्चीत बसल्या आणि ओठ हलवत सगळी पानं वाचू लागल्या. बराच वेळ गेला. मग त्यांनी नोंदवहीची शेवटची पानं उघडून माझ्यापुढं धरली.

"ही अकरा लेकरं काहून न्हाईत गं?"

ती मेंढपाळांची मुलं होती. गावाच्या शिवारात मेंढ्या बसवत फिरणारी चार कुटुंबं, आज या रानात तर उद्या त्या रानात. मी ती नावं मंगळवारीच बाजूला ठेवली होती. कॉम्प्युटर घर क्रमांकाशिवाय नोंद पुढं सरकू देत नव्हता. नंतर बघू म्हटलं, आणि खरं सांगायचं तर विसरून गेले.

"त्यांना घर नंबर नाही, सिस्टर."

"घर न्हाई म्हनून लेकरू न्हाई?"

आवाज चढला नव्हता. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी नोंदवही मिटली, कपाटात ठेवली आणि म्हणाल्या, "सकाळी चल मह्यासंगं. बघून घे एकदा."

शुक्रवारी लसीची बर्फाची पेटी खांद्याला लावून आम्ही निघालो. पळस फुलला होता. कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांमधून, हळदीच्या कढयांजवळून, ओढ्याच्या कोरड्या पात्रातून त्या पुढं आणि मी मागं. सिस्टर बोलत होत्या. चार कुटुंबांतल्या एकेका बाईची कहाणी सांगत होत्या. पण त्यांचा तळ असायचा त्या जागी पोचलो तर रान मोकळं होतं. चुलीची राख आणि लेंड्या तेवढ्या मागं राहिल्या होत्या. सिस्टरांनी वाकून राखेला हात लावला, खुरांचा माग पाहिला आणि काही न बोलता दिशा बदलली. चालताना गप्प झालेल्या सिस्टर मी तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या.

पाऊण तासानं टेकाडापलीकडे पालं दिसली. एका पालाच्या तोंडाशी गिरजा नावाची बाई दोन वर्षांच्या मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. मुलीच्या अंगावर गोवराचं लाल पुरळ होतं, डोळे चिकटले होते आणि श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत होता.

"अंगावर माय आली हाये, शिष्टर," गिरजा म्हणाली. "सुई न्हाई चालत. तीन दिस झाले."

सिस्टर तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. "मायीला मी हात लावत न्हाई, गिरजा. पर लेकराच्या छातीत आवाज येऊन राहिला, तो तुला बी आयकू येतो का न्हाई?"

गिरजानं मान हलवली.

"त्याला दवाखाना पाहिजे. तू उचल न्हाईतर मी उचलते. दोघीतून एकीनं उचलावं लागतंय."

गिरजानं एकदा मुलीकडे आणि एकदा मेंढ्यांमागं गेलेल्या नवऱ्याच्या दिशेनं पाहिलं. मग तिनं मुलगी सिस्टरांच्या हातात दिली आणि चपला शोधू लागली. निघण्याआधी सिस्टरांनी, कडेवर ती मुलगी तशीच असताना, बाकीच्या दहा पोरांना माझ्याकडून रांगेत उभं करवलं. ज्यांची राहिली होती त्यांना लस टोचली. परतीच्या वाटेवर पेटी माझ्याकडे होती आणि मुलगी आलटून पालटून तिघींकडे. माझ्या खांद्यावर तिचा श्वास इतका गरम लागत होता की मी मनातल्या मनात तो मोजत चालले होते. थांबला तर काय, या भीतीनं मला पायाखालची वाट दिसत नव्हती.

केंद्रातून जीपनं तिला हिंगोलीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. सिस्टर सोबत गेल्या आणि शनिवारी सकाळी परत आल्या. मी दारातच विचारलं. "वाचली," त्या म्हणाल्या आणि आंघोळीला गेल्या.

दुपारी वीज आली. ती अकरा नावं भरायला घेतली आणि कॉम्प्युटर पुन्हा घर क्रमांकाशी अडला. पाचची गाडी होती. मी सिस्टरांकडे पाहिलं. त्या खिडकीशी उभ्या होत्या.

"मह्या खोलीचा नंबर टाक," त्या म्हणाल्या.

"सगळ्यांना?"

"समद्यायला. तीन नंबर."

मी टाकला. अकरा लेकरं, घर क्रमांक तीन, आरोग्य केंद्र निवासस्थान. कॉम्प्युटरनं एकही नाव अडवलं नाही.

महिनाभरानं वरून पत्र आलं. एकाच खोलीत अकरा मुलं कशी, खोटी नोंद का केली, खुलासा करा. त्याची एक प्रत हिंगोलीत माझ्याकडेही आली; आता कंत्राट जातं, असंच मी धरून चालले. सिस्टरांनी मात्र एका ओळीत खुलासा लिहिला: ‘या लेकरांची जबाबदारी माझी आहे, म्हणून पत्ता माझा दिला आहे.’ चौकशीला एक साहेब केंद्रात आले; पुढचं मला नंतर तिथल्या शिपायानं सांगितलं. सिस्टर त्यांच्यासमोर खुर्चीत बसून एक अक्षर बोलल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "साहेब, तकलीफ न्हाई ना? चालत जाऊ थोडं." दोघं सकाळी पालांकडे गेले ते दुपारी परतले. साहेबांचे बूट धुळीनं भरले होते. कारवाई झाली नाही. पुढच्या वर्षी कॉम्प्युटरमधल्या नोंदीच्या अर्जात ‘फिरतं कुटुंब’ असा एक नवा रकाना आला. तो कुणामुळं आला हे कुठंच लिहिलेलं नाही.

त्यानंतर सिस्टरांची बदली पुसेगावकडे झाली आणि काही वर्षांनी त्या निवृत्त होऊन वसमतला राहायला गेल्या. मी हिंगोलीतच, कार्यालयात, कंत्राटावर कंत्राट करत राहिले. थंडीच्या सुरुवातीला एका दुपारी त्या पेन्शनच्या कागदांसाठी आल्या आणि माझ्या टेबलाशी बसल्या. वाळल्या होत्या, चालायला काठी लागत होती. त्यांना ती यादी पाहायची होती. मी पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी चष्मा पुसला आणि एकेक नाव ओठ हलवत वाचलं. गिरजाच्या मुलीच्या नावाशी जरा थांबल्या.

"बराबर हाये," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "आता यातून कुनी नाव काढू शकतं का?"

"काढता येतं. पण आधी मला विचारावं लागतं."

"मंग तू हितंच राहा," त्या म्हणाल्या. काठी उचलली आणि वसमतच्या गाडीला निघाल्या.

त्याच थंडीत त्या गेल्या. मला पंधरा दिवसांनी कळलं. त्या आल्या होत्या तेव्हा माझ्या टेबलाच्या खणात औरंगाबादच्या एका कंपनीचं बोलावणं पडलेलं होतं. पगार दुप्पट होता, आणि हो म्हणायचं मी ठरवूनही टाकलं होतं. ही गोष्ट मी सिस्टरांना सांगितली नव्हती. त्या जिना उतरून गेल्यावर मी नकार लिहिला आणि दुपारच्या डाकेनं पाठवून दिला.