एका रुपयात तीन मरणं

व्हिडिओ गेमवाल्यांवर माझा राग जुना आहे, आणि तो मी मुद्दाम ताजा ठेवतो.

लग्नाला सहा महिने झाले होते. वडशाजवळच्या माझ्या सासरी मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा, भरली. मंडईला जावयाला बोलवायचं आणि त्याचा हात त्याच्या खिशात जाऊ द्यायचा नाही, हा आमच्याकडचा रिवाज. जिलबीपासून आकाशपाळण्यापर्यंत सगळं सासऱ्याच्या खर्चानं. त्या साली एका तंबूत खेळाच्या दोन पेट्या आल्या होत्या. पडद्यावर विमान, खाली दांडा, बाहेर धडधडणारा जनरेटर. रुपया टाका, तीन जीव घ्या.

मी बल्लारपूरला कारखान्यात, घराएवढ्या मशीनवर कामाला. त्यामुळे ‘आमचे जावई मशीनवाले आहेत’ असं सांगत मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, अर्धं गाव तंबूत आणलं.

पहिला रुपया पेटीच्या तळाला पोचायच्या आत माझी तिन्ही विमानं पडली. मामाजींनी दुसरा टाकला. मग तिसरा. अकरा रुपयांत मी तेहतीस वेळा मेलो. मागे मेव्हण्या मोजत होत्या. शेजारच्या पेटीवर नागपूरचा एक उस्ताद सकाळच्या एकाच रुपयावर दुपारपर्यंत उडत होता. मधे त्यानं दाढीही करून घेतली, हे मी शपथेवर सांगतो.

मामाजी मालकाकडे वळले. “भाऊ, पाळणेवाला नवीन माणसाले अर्ध्यातून खाली फेकते का? नाटकवाले पहिल्या अंकात हाकलते का? मंग इथी काऊन?”

मालक म्हणाला, ज्याला येतं त्याच्यासाठी खेळ आहे, बाकीच्यांनी शिकावं.

“वर्षातून एकदा मंडईले येनारा शिकन कवा?”

मीही पेटलो. भाड्याची सायकल तासावर मिळते, मी दहादा पडलो तरी तास माझाच असतो. इथे रोजच्या गिऱ्हाइकाला स्वस्त आणि पाहुण्याला महाग. आमच्यासारख्यांच्या रुपयांवरच तो उस्ताद फुकट उडतो.

मालकानं शांतपणे माझ्याकडे पाहिलं आणि तो मामाजींना म्हणाला, “मशीन बरोबर आहे, काका. जावयाचे हात पाहा.”

 भर मंडईत जावयाच्या हातांना नावं ठेवली होती. मामाजींनी बारावा रुपया काढला. मशीनच लबाड आहे, कोणी खेळो न खेळो ती मारतेच, हे ते आता सिद्ध करणार होते. “कोनी हात लावू नोका,” म्हणाले, आणि रुपया टाकून स्वतःचे हात मागे बांधले.

विमान जागच्या जागी उभं राहिलं. गोळे डावीकडून गेले, उजवीकडून गेले. मामाजींनी हात सोडून तंबाखू मळली, तोंडात टाकली, तरी विमान उभंच.

“जावईबापू,” ते हळूच म्हणाले, “चाला, जिलबी खाऊ.”

खेळणारा मरतो आणि न खेळणारा जगतो, असल्या खेळाचे पैसे परत मिळायला हवेत, हे माझं म्हणणं आजही कायम आहे. सासरी मात्र तेव्हापासून मला विहिरीवरची मोटारसुद्धा चालू करू देत नाहीत.