फोल्डर काही बदलेना

चष्म्याच्या दुकानातल्या या माणसाला सगळे भिंगरी म्हणत, आणि ते काही उगाच नाही. गडी एका जागी बसेल तर शपथ! जेवतानाही गुडघा हलत असायचा. त्यातून पन्नाशीत याला संगणकाचं वेड लागलं. काळ्या पडद्यावर आपण टाइप केलेला हुकूम संगणकाकडून पाळून घेणाऱ्या प्रोग्रॅमला शेल म्हणतात. असे शेल फुकटात मिळतात हो, ढिगाने. पण नाही, याला स्वतःचाच लिहायचा होता!

"आयतं मिळतंय ते घ्या की," बायको म्हणायची.

"चष्मेही आयते मिळतात. मग मी दुकानात माशा मारायला बसतो का?"

त्या रविवारी मात्र त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दुसऱ्या दिवशी थोरल्या भावाचं हृदयाचं ऑपरेशन होतं. दोघे पूर्वी एकाच दुकानात होते. एकदा गिऱ्हाइकासमोर थोरला बोलून गेला, "याच्या हातात काच देऊ नका, फोडेल." झालं! धाकट्याच्या ते वर्मी लागलं. त्याने वेगळं दुकान थाटलं आणि बोलणं टाकलं. आता भाऊ दवाखान्यात पडल्यापासून हा रोज मुलीला तिकडे पिटाळायचा. ती येऊन सांगायची, हा ऐकायचा आणि पुन्हा कीबोर्ड बडवायचा. भाऊ हातचा जाईल ही भीती होती, पण पाय काही उचलायचा नाही.

सकाळपासून शेलही छळत होता. बाकीचे हुकूम मुकाट पाळायचा. फोल्डर बदल म्हटलं की हूं का चूं न करता पुढची ओळ दाखवायचा, आणि बघावं तर आपण जुन्याच फोल्डरमध्ये! भिंगरी उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला, पुन्हा उठला.

तेवढ्यात मुलगी दवाखान्यातून आली. "उद्या पहिलाच नंबर आहे काकांचा."

"घाबरलाय का गं तो?"

"तुम्हीच विचारा ना."

"ते राहू दे. हे बघ, काय बिनसलंय."

प्रोग्रॅमिंग हा तिचा रोजचा धंदा. तिने वाकून कोड पाहिला आणि कपाळावर हात मारला. "बाबा, तुमचा शेल प्रत्येक कामाला एक चाइल्ड प्रोसेस, म्हणजे आपलं एक पोरच, काढून पाठवतो. एरवी ते ठीक आहे. पण फोल्डर बदलायला तिला पाठवलंत, तर ती जाते, तिचं काम संपतं, तीही संपते. शेल आहे तिथेच! हे त्याने स्वतःच करायचं असतं."

"पोराला पाठवून भागत नाही?"

"रोज जातेय की मी!" तिचा आवाज एकदम चढला, डोळे भरले. "तुम्ही हललात का तसूभर?"

भिंगरी उठला. त्याने चपला पायात सरकवल्या आणि निघाला.

थोरला पलंगावर पडून होता, चष्मा शेजारच्या टेबलावर. दाराशी सावली हललेली पाहून म्हणाला, "पुन्हा आलीस का गं? तुझा बाप काय म्हणतोय?"

"काही म्हणत नाही, दादा. आलाय."

थोरल्याचा हात चष्मा चाचपू लागला. भिंगरीने तो उचलला, खिशातल्या फडक्याने पुसायला घेतला.

"फोडशील," थोरला म्हणाला, आणि हसता हसता रडायलाच लागला.

भिंगरीने चष्मा त्याच्या नाकावर नीट बसवला आणि खुर्ची ओढली. दिवे लागेपर्यंत तो तिथून हलला नाही. गुडघासुद्धा नाही.