निळ्या लुगड्याची गाठ

मोहाडीपासून थोडं आत, धानाच्या बांध्यांमध्ये शकुनबाईचं गाव. तिथं तिचं नाव निघालं की लोक आधी तिची भक्ती सांगतात. तिचा सोमवार कधी चुकला नाही, पाय धुतल्याशिवाय ती कधी चुलीजवळ गेली नाही. शिवाय आळीतल्या बायांत पचमढीचा डोंगर पाहून आलेली ती एकटीच. तरुणपणी श्रावणात नागद्वारच्या यात्रेला गेली होती. ढग कसे अंगाला चाटून जायचे, ओलं लुगडं कसं वाळतच नसे, हे ती रोवणा, म्हणजे धानाची लावणी, करता करता इतकं रंगवून सांगायची की बाया कंबरदुखी विसरायच्या.

रोवण्यात तिच्या शेजारची ओळ नेहमी सुमनबाईची असायची. सुमनबाई समोरच्याच घरची. तिचं घर बौद्धांचं, दारावर निळा झेंडा. चिखलात दोघी एकमेकींचा हात धरून बांधावर चढत, पावसात एकाच मेणकापडाखाली उभ्या राहत. पण सुमनबाईनं घरी काही खायला पुढं केलं, की शकुनबाईचा नेमका उपास निघायचा. कधी एकादशी, कधी चतुर्थी, कधी मानलेला गुरुवार. सुमनबाई ताट मागं घ्यायची आणि दुसरं काही बोलायला लागायची.

शकुनबाईच्या मुलाला, कमलेशला, लग्नानंतर पुष्कळ वर्षं मूल नव्हतं. नातवंड झालं तर पचमढीजवळच्या चौरागडच्या महादेवाला त्रिशूल वाहीन, असा तिनं नवस केला होता. गुड्डी झाली, चालायला, बोलायला लागली, तेव्हा यंदाच्या महाशिवरात्रीला जायचं ठरलं. क्रूझर गाडी ठरली. त्रिशूल नव्या लाल कापडात गुंडाळला गेला.

निघायच्या आदल्या दिवशी सुमनबाई एक मोठं गाठोडं डोक्यावर घेऊन आली. जुन्या निळ्या लुगड्यात बांधलेलं. आत जाड कांबळी, स्वेटर, कानटोप.

"आमच्या पोरानं, धम्मदीपनं, मिलिटरीतून आणले होते. घेऊन जा."

"अवो, आता कायची थंडी?" शकुनबाई हसली. "फाल्गुन लागाले आला. इथं दुपारी पंखा लावा लागते."

"इथं लागते. मी धम्मदीपजवळ राहून आली ना पहाडात. ऊन उतरलं का दगडासारखं गार पडते. अन् पाणी आलं तं विचारूच नको."

"तू मले पचमढी सांगतं काय? मी जाऊन आली आहो."

"तू श्रावणात गेली होती, बाई. श्रावण येगळा, माघ येगळा. लेकरू संगं आहे, ठेव."

राखीनं, सुनेनं, गाठोडं उचलून क्रूझरमध्ये मागं ठेवलं. त्रिशूलाला लागूनच.

पहाटे सगळे चहा घेत होते, तेव्हा शकुनबाई गाडीजवळ गेली. लाल कापडाला ते निळं लुगडं टेकलेलं दिसलं. जागा कमी आहे, पाय ठेवायला होत नाही, असं ती स्वतःशीच म्हणाली. खरं काय ते तिला ठाऊक होतं. तिनं गाठोडं उचललं, घरात नेलं आणि धान साठवायच्या ढोलीमागं सारून दिलं. मग हात धुतले.

पहिल्या दिवशी तिचंच खरं ठरलं. पचमढीत लख्ख ऊन होतं, रात्रीही धर्मशाळेच्या दाटीत गाठोड्याची कोणाला आठवण झाली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्रिशूल खांद्यावर घेऊन चौरागडच्या पायऱ्या चढताना सगळ्यांच्या पाठी घामानं भिजल्या. "पहा, म्हणे थंडी!" ती दर वळणाला म्हणत होती. वर त्रिशूलांच्या राशीत आपला त्रिशूल ठेवताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. महादेवा, तू दिलंस, मी फेडलं.

उतरायला लागले आणि दरीतून काळं आभाळ वर आलं. श्रावणातल्यासारखं हळूहळू नाही. वारा सुटला, पाऊस आला, पावसात गारा आल्या. आडोसा नव्हता. घामानं भिजलेलं अंग पावसानं भिजलं आणि वाऱ्यानं गोठलं. ऊन गेलं तसा दगड, कठडा, हातातला नारळ, सगळं थंडगार झालं. खाली पोचेपर्यंत गुड्डीचे ओठ काळेनिळे पडले होते. दात वाजत होते, मग वाजायचेही थांबले.

"आई, सुमनकाकूचं गाठोडं!" राखी क्रूझरच्या मागच्या बाजूला शोधत होती. "इथंच ठेवलं होतं मी. कुठं गेलं?"

शकुनबाईच्या तोंडून निघालं, "घाईत राहिलं असन."

कमलेश राखीवर ओरडला, "येक काम होतं तुह्याकडे! येवढंही नाही पाहता येत?"

राखी गोंधळून सासूकडं बघत राहिली. "ठेवलं होतं, आई..." शकुनबाईनं मान खाली घातली.

पलीकडच्या चहावालीनं हाक मारली. तिनं खाटेवरची एक मळकी गोधडी ओढून दिली. शकुनबाईनं ती झडप घालून घेतली आणि गुड्डीला तिच्यात गुंडाळून छातीशी धरलं. गोधडीला धुराचा, कोणाच्या तरी तेलकट केसांचा वास होता. ती कोणाची, काल तिच्यात कोण निजलं होतं, हे तिनं विचारलं नाही. विचारलं नाही, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिला चहावालीच्या तोंडाकडं बघवेना.

गुड्डीला ताप भरला. छाती भरली. भंडाऱ्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. शकुनबाई खाटेशी बसून जप करायची, पण माळ मध्येच थांबायची. आता काय मागायचं आणि कोणत्या तोंडानं?

पोर बरी होऊन घरी आली. त्या सोमवारी शकुनबाईनं ढोलीमागून गाठोडं काढलं, कोळिष्टकं झटकली आणि समोरच्या घरी गेली. सुमनबाई तव्यावर आयते, तांदळाची धिरडी, टाकत होती.

"कशी आहे गुड्डी? मी येणारच होती." मग गाठोड्याकडं बघून ती म्हणाली, "समजलं मले, राहून गेलं म्हणून. राखीले बोलू नको वो. जायच्या घाईत होते असं."

"राखी नाही विसरली," शकुनबाई म्हणाली. "मीच काढलं होतं गाडीतून."

सुमनबाईचा हात तव्यावर थांबला. "कायले?"

शकुनबाईनं गाठोडं उंबऱ्याशी ठेवलं. जळका वास आला तसा सुमनबाईनं आयता उलटला. मग उठून गाठोडं जवळ ओढलं. स्वतः मारलेली दुहेरी गाठ तशीच होती. ती नखानं सोडवत बसली.

"उन्हात टाकतो," ती म्हणाली. "ढोलीमागं कोंदटले असतीन."

शकुनबाई दाराशीच उभी. गाठ सुटली तशी ती म्हणाली, "दे मले येक आयता."

सुमनबाईनं वर पाहिलं. "आज सोमवार आहे ना वो?"

"हो."

"मंग? आजचा उपास तं खरा आहे."

शकुनबाईच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. म्हणजे एवढी वर्षं हिनं एकेक उपास ओळखला होता.

"देवाचा उपास माह्यासाठी मोडू नको," सुमनबाई कांबळं झटकत म्हणाली. "उद्या ये. उद्या मंगळवार आहे."

मंगळवारी शकुनबाईचा कसलाच उपास नसतो. ते दोघींनाही ठाऊक होतं. "येतो," ती म्हणाली.

अंगण ओलांडून ती घराकडं वळली. राखी ओट्यावर खाली मान घालून धान पाखडत होती, कमलेश बाजेवर बसला होता. परत आल्यापासून तो बायकोशी नीट बोललाही नव्हता. शकुनबाईनं पदर सावरला आणि त्याला हाक मारली.