प्रमुखाची शेवटची निवडणूक

प्रमुखाचे हात चहाचा पेला धरण्यापुरते सुटायचे, एरवी जोडलेलेच. शिपाई, प्राचार्य, झेरॉक्सवाला, समोर येईल त्याला नमस्कार. "उद्या कोण कामी येईल, सांगता येतं का भो?" असं तो म्हणे. खरं तर तो कशाचाच प्रमुख नव्हता. सुरतच्या लिंबायतमधल्या लूम कामगाराचा मुलगा, कॉलेजात माझ्याच बाकावर बसायचा, तोही हजेरीपुरता. वर्गातल्या प्रत्येकाला वाढदिवसाला व्हॉट्सॲपवर त्याचं बॅनर यायचं, आणि त्यात वाढदिवसवाल्यापेक्षा प्रमुखाचा फोटो मोठा असायचा.

विद्यार्थी निवडणुकीत त्याची खासियत एकच, नको असलेला उमेदवार बसवणं. त्याला तो लोचोच्या, म्हणजे वाफाळत्या मऊ खमणाच्या, गाडीवर नेई, वर शेव जास्त घालायला लावी, आईची तब्येत विचारी आणि हळूच म्हणे, "तू मोठा माणूस. जी.एस.पद तुला लहान पडेल." दुसरी प्लेट येईपर्यंत गडी माघारीला तयार! सुरतेत याला 'समाधान' म्हणतात. अशी कितीतरी समाधानं करून त्यानं दुसऱ्यांना जी.एस. केलं.

एम.ए.च्या शेवटच्या वर्षी मात्र तो स्वतः उभा राहिला. मामानं हजीऱ्याला कारखान्यात नोकरी बघून ठेवली होती. ही संधी गेली की संपलंच. "एकदा तरी पाटीवर आपलं नाव पाहिजे," तो मला म्हणाला. त्याची आई तर गल्लीभर सांगत सुटली होती, "मना पोऱ्या जी.एस. व्हई."

समोर एकच उमेदवार उरली होती, पलसाण्याहून बसनं येणारी मनीषा. मला सोबत घेऊन प्रमुख तिला बसवायला गेला. लोचो मागवला, आईची चौकशी झाली. मग तिनंच विचारलं, "दादा, निवडून आल्यावर तुम्ही काय करणार?"

"आभार सभा."

"आणि मग?"

प्रमुखानं जरा विचार केला. "मग पुढच्या वर्षीची तयारी."

मला हसू आलं, तिला नाही. शेवटच्या तासाला थांबलं की पलसाण्याची बस चुकते; म्हणून तिकडच्या मुली तो तास बुडवतात आणि हजेरी कमी पडली म्हणून परीक्षेला मुकतात. तो तास सकाळी घ्यायला लावायचा, एवढंच तिचं म्हणणं होतं. दुसऱ्यांच्या इतक्या निवडणुका लढवल्या, पण निवडून येऊन काय करायचं, हे प्रमुखाला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. लोचो तसाच निवत राहिला.

"बेन, आपण बसतो," तो म्हणाला, आणि त्याच दुपारी त्यानं नाव मागे घेतलं. मी खूप चिडलो. "समाधान झालं ना? मग!" एवढंच त्याचं उत्तर.

मनीषा बिनविरोध आली, तास सकाळी गेला. आभार सभेत पहिली टाळी प्रमुखाची.

हजीऱ्याला निघाला तेव्हा मी बसपर्यंत गेलो होतो. पायरीवर पाय ठेवून त्यानं विचारलं, "मी लढलो असतो तर आलो असतो का रे?"

"आला असतास."

"खरं?"

"खरं."

त्याचा चेहरा एकदम उजळला.

"मग एवढं आमच्या आईला सांगून ये," तो म्हणाला. "तिला वाटतं, मी पडलो."