खुर्चीचा उरलेला कोपरा

कचेरीत आले की काका आधी आपल्या खुर्चीच्या बैठकीवरून तळहात फिरवायचे, घोड्याच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग माझ्या टेबलाच्या दिशेनं मान वळवून विचारायचे, "ताई, आज काय काम हाय का?"

"नाही हो काका. निघालं की सांगते."

"बरं," म्हणून बसायचे. संध्याकाळी कर्जतकडची गाडी धरेपर्यंत बसूनच राहायचे.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आमच्या खालापूरच्या कचेरीत ते अंधांच्या राखीव जागेवर लागले होते. आधी कर्जतला अंधांच्या कार्यशाळेत वेताच्या खुर्च्या विणायचे. अनुदान थांबलं, कार्यशाळा बंद पडली आणि ह्यांना खुर्च्या विणायलाच सरकारी नोकरी लागली. कोंडाण्याजवळच्या त्यांच्या गावात पेढे वाटले गेले. पण तोवर कचेरीत चाकांच्या खुर्च्या आल्या होत्या. वेताची एकच उरली होती, तिच्यावर ते स्वतः बसायचे. राखीव जागा भरली, एवढंच आम्हाला वर कळवायचं असतं. माणसाला काम दिलं का, हे कोणी विचारत नाही.

मध्ये परिपत्रक आलं, यापुढे अपंग न म्हणता दिव्यांग म्हणावं. मी मोठ्यानं वाचून दाखवलं.

"नाव छान हाय," काका म्हणाले. "कामाचं काय लिवलंय?"

आम्ही सगळे हसलो. तेही हसले, पण जरा उशिरा.

एका सकाळी येऊन पाहते तर काका फरशीवर बसलेले, आणि त्या खुर्चीची धडधाकट बैठक पार उसवलेली. साहेब आले. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "कशाला त्रास घेता? पगार मिळतोय ना?"

साहेब गेल्यावर काका वेताची पट्टी बोटांवर गुंडाळत, उलगडत राहिले. मला फार वाईट वाटलं.

जेवणाच्या सुट्टीत ते हळूच म्हणाले, "ताई, खाली बसाल का जरा? ह्ये एकट्याचं काम नाय. एकानं वरून सोडायचं, एकानं खालून ओढायचं."

मी साडी आवरून खुर्चीखाली शिरले. शिपायानं कपाळावर हात मारून घेतला.

"ओढा. हां. सैल नको, ताई."

मग रोज डबा उरकला की आम्ही बसायचो. वरून काका बोलत राहायचे. कार्यशाळेत त्यांच्या खुर्चीखाली एक जोडीदार असायचा, त्याच्या गमती सांगायचे. "दिवसभर त्याचं तोंड चालायचं. त्यो गेला. आता घरी बी कोण नाय बोलायला." एवढं सांगून गुणगुणू लागायचे. इतक्या वर्षांत हा माणूस गुणगुणतो हे मला ठाऊक नव्हतं.

एक कोपरा उरला तेव्हा मी म्हटलं, "आज संपवून टाकू."

"नको, नको," ते घाईनं म्हणाले. "उद्याला कायतरी ठेवा की."

तेव्हापासून तो कोपरा दुपारी विणलेला आणि सकाळी उसवलेला असायचा. मी कधी काही विचारलं नाही. मलाही ती सुट्टी हवीशी वाटू लागली होती.

यंदा काका गेले. झोपेतच गेले, घरात दुसरं कोणी नव्हतं. राखीव जागा रिकामी झाली, ती भरण्याबद्दल पत्रव्यवहार चालू आहे. खुर्ची भंगारात निघाली, ती मी घरी आणली. परवा रविवारी तिच्याखाली बसले आणि त्या कोपऱ्यातली पट्टी ओढली. वरून धरणारं कोणी नव्हतं. ती सगळीच्या सगळी माझ्या हातात आली.